रोज वापरायला जुनी पद्मिनी, जिप्सी, झेन घ्यावी का? साताऱ्यातल्या गॅरेजवाल्याचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय. शाहूपुरीत घर, नोकरी कोरेगावला, म्हणजे रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी. बजेट अडीच लाख. सगळ्यांच्या दारात असते तसली पांढरी एसयूव्ही नकोय, काहीतरी वेगळं, जीव असलेलं पाहिजे. वाईला एक १९९४ ची प्रीमियर पद्मिनी बघून ठेवलीये, मालक ८५ हजार सांगतोय, आजोबांकडं तशीच होती. मनात जिप्सी, झेन, फियाट, कॉन्टेसा पण घोळतंय. घरचे म्हणतायत वेड लागलंय. तर घ्यावी का, आणि कुठली?

मी १९९६ पासून साताऱ्यात गॅरेज चालवतोय आणि गेली एकोणीस वर्षं १९९१ ची पद्मिनी माझ्या रोजच्या वापरात आहे, घर ते एमआयडीसी, मंडई, बँक, पाहुण्यांचं लग्न, सगळं तिच्यावर, त्यामुळं जे सांगतोय ते हातानं केलेलं सांगतोय. सरळ उत्तर आधी देतो. गाडी जरूर घ्या, वेड बिड काही नाही त्यात. फक्त इंजिनचा आवाज ऐकून गाडी पसंत करू नका, पत्रा, काचा आणि रबर बघून करा. आणि एकदा घेतली की उभी करून ठेवू नका, ती रोज फिरली पाहिजे.

इंजिनचं एवढं टेन्शन का नाही ते सांगतो. आपण जिथं राहतो तो पट्टाच मशीनकामाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिकडं कुंडलजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या जागेत कारखाना टाकला तेव्हापासून सांगली, सातारा, कोल्हापूर ह्या भागात लेथ आणि फाउंड्रीचं काम घराघरात शिरलंय. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, लाइनर घालणं, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट बसवणं, ह्यातलं काहीही दोन-तीन दिवसांत करून मिळतं, आणि एखादा बुश बाजारात मिळतच नसेल तर जुना नमुना नेऊन दिला की पितळी बुश टर्न करून हातात. मी माझ्या पद्मिनीचे सस्पेन्शनचे बुश असेच दोनदा करून घेतलेत. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, पुशरॉडचं, उघडून बसलं तर काय कुठं आहे ते सगळं डोळ्यांना दिसतं. (आणि ही गाडी बनवणारी प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंदांनी काढलेली, ज्यांचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे तेच. मला ह्या गोष्टीचा उगाच अभिमान वाटतो.)

पण काच टर्न करून मिळत नाही. हे मी फार महागात शिकलोय. साधारण २००४ ला मी एक कॉन्टेसा घेतली होती, इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मागच्या चाकांना ताकद, आणि हायवेला लागली की बोट पाण्यावर चालल्यासारखी चालायची. गाडी अशी गुळगुळीत की मी महिनाभर काहीतरी कारण काढून कराडला जाऊन येत होतो. मग एक दिवस पुढच्या डंपरच्या चाकातनं दगड उडाला आणि समोरची काच गेली. कॉन्टेसा २००२ लाच बंद झालेली. सातारा, कोल्हापूर, पुणे, मुंबई, सगळीकडं विचारलं. सात महिने गाडी शेडमध्ये उभी राहिली. शेवटी इचलकरंजीच्या बाजूला एक भंगारात चाललेली कॉन्टेसा अख्खी विकत घेतली, का तर तिची पुढची काच शाबूत होती. ती काढताना आमच्या गॅरेजमधली चार माणसं श्वास रोखून उभी होती, चारी बाजूनं रबर कापलं, काच उचलून गादीवर ठेवली, आणि मग सगळ्यांनी चहा घेतला. तेव्हापासून कुणी गाडी बघायला घेऊन गेलं की मी बोनेट सगळ्यात शेवटी उघडतो. आधी काचा मोजतो, तडे बघतो, काचांची रबरं दाबून बघतो, टेललॅम्प, इंडिकेटरच्या काचा, दरवाज्याची हँडलं, डॅशबोर्ड. ज्या गाडीची ही सगळी चिल्लर पूर्ण आहे ती गाडी इंजिन जाम असली तरी परवडते.

टाटा सिएराचं पण हेच आहे. १९९१ ची ती तीन दाराची, मागं छपरापर्यंत वळलेल्या मोठ्या काचांची गाडी मला मनापासून आवडते, पण ती मागची काच फुटली तर काय कराल ह्याचं उत्तर तयार नसेल तर घेऊ नका. आता २०२५ ला त्याच नावाची नवीन आलीये, तिचं काहीही जुनीला बसत नाही, कुणी तसं सांगून विकत असेल तर ऐकू नका.

आता पत्रा. तुम्ही वाईला जाल तेव्हा खिशात एक छोटं चुंबक न्या, स्पीकरचं असलं तरी चालतं, आणि ते पातळ कपड्यात गुंडाळा म्हणजे मालकाच्या पेंटला ओरखडा जाणार नाही. मग चाकांच्या वरची कमान, दरवाज्यांचा खालचा हातभर भाग, हेडलाइटच्या भोवती आणि डिकीची खालची कड असं सावकाश फिरवत न्या. चांगल्या पत्र्यावर चुंबक हाताला ओढ देतं, कपड्यातनं सुद्धा कळतं. जिथं लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) भरलीये तिथं ओढ एकदम सुटते, हात मोकळा पडतो. चार बोटं लांबी असली तर ठीक आहे, तीस वर्षांत कुठंतरी ठोकलीच असणार, पण वीतभर, दोन वीत मोकळं लागायला लागलं तर तिथं पत्रा राहिलेलाच नाही, वरनं रंग आणि आतनं हवा. त्यानंतर पायाखालचं मॅट उचला, खालचा काळा फेल्ट उचला (मालक नको म्हणाला तर तिथंच नमस्कार करून निघा), आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअर ठोकत जा. टणटण वाजलं पाहिजे. जिथं भदभद वाजतं तिथं बोटानं दाबून बघा. पद्मिनीत ड्रायव्हरच्या पायाखाली, दरवाज्याखालच्या बॉक्समध्ये आणि जॅक लावायच्या जागेवर हमखास सडतं. जिप्सीत मागच्या चाकांच्या मागचा फ्लोअर, काचेच्या फ्रेमची खालची कड आणि बॉडी जिथं चेसिसवर बसते ती रबरं. गाडी आयुष्यभर महाबळेश्वर-पाचगणीला किंवा खाली कोकणात राहिलेली असेल तर दुप्पट वेळ द्या, तिथला पाऊस पत्र्याला सोडत नाही.

आणि आपल्या भागात एक गोष्ट जास्तीची बघायची, ती म्हणजे गाडी महापुरात बुडलेली आहे का. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, २०२१ ला परत पूर आला, कराडपासून खाली सांगलीपर्यंत किती गाड्या पाण्यात गेल्या त्या आम्ही बघितल्यात. त्यातल्या बऱ्याच धुऊन, पुसून, सीटकव्हर घालून परत बाजारात आल्या. वरनं कळत नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर संशय धरा. स्टेपनीच्या खड्ड्यात, फ्यूजबॉक्सच्या मागं, सीटच्या रेलमध्ये कृष्णेचा तो बारीक गाळ बसलेला असतो, वाळला की पीठ होतं आणि बोटाला लागतं. जुन्या पद्मिनीला बुडाल्यानं तसा कमी त्रास, वायरिंग साधं आहे, महिनाभर काम केलं तर सावरते. कॉम्प्युटर असलेली एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी) किंवा डिझेल गाडी बुडालेली असेल तर फुकट दिली तरी नको, वर्षभर आज हे बंद उद्या ते बंद असं चालतं.

आता तुमच्या यादीतल्या एकेका गाडीबद्दल, जेवढं ज्याला लागतं तेवढं.

झेन. जुनीच म्हणतोय, पण गोल हेडलाइटवाली नाही, १९९३ ला आली ती पहिली झेन, तिचं ९९३ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन. वजनाला पाऊण टनाच्या आसपास, त्यामुळं ती वळणावर फिरते तशी आजची कुठलीच छोटी गाडी फिरत नाही, हे मी पैजेवर सांगतो. पार्ट मिळतात, कुठलाही मिस्त्री उघडतो, एसी चालतो. २००० नंतरची एमपीएफआय घ्या, घेतल्या घेतल्या टायमिंग बेल्ट बदला, मागचा मालक काहीही म्हणू दे. तुमच्या रोजच्या चाळीस किलोमीटरला आणि बजेटला, डोक्यानं विचार केला तर मी हिच्यावर बोट ठेवीन. चांगली मिळाली तर लाखाच्या आत-बाहेर येते आणि उरलेल्या पैशात सस्पेन्शन, टायर, बैठक सगळं नवं होतं.

फियाटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅलिओ १.६ म्हणजे शंभर हॉर्सपॉवर आणि जड, भरवशाची बॉडी, चालवायला अतिशय गोड, पण पेट्रोल पिते आणि तिचा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, मग अर्धं इंजिन बाहेर. ती हौसेला ठेवा. रोजच्यासाठी पुंटो किंवा लिनिया १.३ डिझेल बघा, २००९ ला आलेल्या. का, तर तेच मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा अशा लाखो गाड्यांत बसलंय, चेनचं आहे, त्यामुळं फियाट आपल्याकडं बंद झाली तरी इंजिनचं सामान तालुक्याच्या गावात मिळतं. अडतं कुठं तर दरवाज्याची बीडिंग, बंपरच्या क्लिपा, हेडलाइट, म्हणजे परत तेच, काचा आणि रबर. हायड्रॉलिक स्टिअरिंगची मजा काय असते ते हिच्यात बसून केळघरच्या घाटात कळतं.

जिप्सीवर माझा जीव आहे. चेसिसवर बसलेली बॉडी, पुढं-मागं पाट्यांच्या स्प्रिंगा, लो गिअर टाकला की बामणोलीकडच्या कच्च्या रस्त्यांवरनं पावसात सुद्धा बकरीसारखी चढते. पण तुमच्या बजेटात चांगली मिळणार नाही, आणि सॉफ्ट टॉपमध्ये, म्हणजे कापडी छताच्या जिप्सीत, मागं समोरासमोरचे बाक असतात, त्यावर लहान मुलीला घेऊन रोज फिरणं मला पटत नाही. कंपनीचा एसी नाही. पाठीचे हाल होतात. मुलगी मोठी झाल्यावर, दुसरी गाडी म्हणून घ्या. आणि मोठे टायर, कापलेली बॉडी, दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन असलेली जिप्सी स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. २०१९ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी बदलता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्याला, आणि पासिंगच्या वेळी ते तुमच्या गळ्यात येतं.

आता पद्मिनी. तुमच्या मनात तीच आहे हे प्रश्नावरनंच कळतंय, म्हणून सविस्तर.

हिला चालवायला शिकावं लागतं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चार गिअर, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. म्हणजे गाडी थोडी जरी पळत असेल आणि तुम्ही पहिला टाकायला गेलात तर करकर आवाज येतो, आतले दात खातात. मला हे एका रिटायर एसटी ड्रायव्हर काकांनी शिकवलं, माझ्या शेजारी बसून, पोवई नाक्याच्या चढाला. क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, थोडी रेस दे, परत क्लच दाब आणि आता दोन बोटांनी टाक. दांडा लोण्यात सुरी जावी तसा गेला. ते म्हणाले, गाडीला विचारून गिअर टाकायचा, ती हो म्हणते तेव्हा हाताला कळतं. एकोणीस वर्षं झाली, अजून प्रत्येक चढाला त्यांची आठवण येते. हा असला संवाद असतो म्हणून माणूस ह्या गाड्यांत अडकतो, नुसत्या दिसण्यासाठी कुणी एवढं करत नाही.

रोजच्या वापराला तीन ठिकाणी ती त्रास देते: पेट्रोल, पाणी आणि पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे ते दोन बारके संपर्क).

पेट्रोलचं आधी, कारण आजच्या काळात सगळ्यात मोठं तेच आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल बनतंय आपल्याच उसापासनं, आपल्याच भागातल्या कारखान्यांतनं, त्यामुळं त्याला शिव्या घालायचं कारण नाही. पण १९९४ ची गाडी त्याच्यासाठी बनलेली नव्हती. तीन गोष्टी होतात. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा मऊ पडून फुगतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाला वेगळं बसतं, टाकी आतनं गंजते आणि कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट-हिरवट चिकट साका जमतो. आणि मिक्श्चर पातळ होतं, गाडी खोकते, गरम चालते. ह्यावर उपाय आहेत आणि फार महाग नाहीत. सगळे पाइप बदलून आर-९ छापलेले घ्या, पंपाला इथेनॉल चालणारा पडदा टाका, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा करा, पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका. आणि पाचवा, सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडी चालवा. आठवड्याला टाकी संपत असेल तर पाणी ओढायला त्या पेट्रोलला वेळच मिळत नाही. माझ्याकडं ज्या पद्मिन्या कार्बोरेटर चोक होऊन टो करून येतात त्यातली एकही रोजची नसते, सगळ्या कव्हर घालून दोन-दोन महिने उभ्या असलेल्या, देवासारख्या जपलेल्या असतात. कव्हरवरनं आठवलं, प्लॅस्टिकचं कव्हर कधीच घालू नका, आत वाफ धरते आणि पत्रा खालनं सडतो. वर पत्र्याचं शेड असलं की पुरे.

ह्या पेट्रोलचा दुसरा ताप म्हणजे घाटातला. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये पुण्याहनं सामान घेऊन येत होतो, दुपारचा एक-दीड, खंबाटकीच्या चढाला एका लोड ट्रकच्या मागं अडकलो. दुसऱ्या गिअरवर रांगत चाललोय, हवा लागत नाही, बोनेटमधनं गरम वाफारा पायाला लागतोय. दुसऱ्या वळणानंतर गाडी मिसिंग करायला लागली आणि कडेला घेईपर्यंत बंद. बोनेट उघडलं तर काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोल उकळतंय, बुडबुडे वर येतायत. पंप इंजिनलाच बोल्ट केलेला असतो, तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही त्याला ओढता येत नाही. फडकं पाण्यात भिजवून पंपावर आणि पाइपावर गुंडाळलं, पाच मिनिटांनी परत भिजवलं, पंधरा मिनिटांनी बुडबुडे थांबले, अर्ध्या सेल्फला गाडी चालू. जुने टॅक्सीवाले हेच करायचे. पण बायको-पोरीला घेऊन रस्त्याच्या कडेला असं उभं राहायची वेळ येऊ नये म्हणून पुढच्याच आठवड्यात मी टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला, तेव्हापासून एकदाही बंद पडली नाही. पंप कार्बोरेटरचा, कमी प्रेशरचा, दोन-तीन पीएसआयचाच घ्या. एमपीएफआयचा बसवला तर कार्बोरेटरमधनं पेट्रोल बाहेर येईल आणि आगीचा धोका. आणि त्याला रिले, फ्यूज आणि इंजिन बंद झालं की पंप बंद होईल असं कनेक्शन पाहिजेच, ह्यात काटकसर करू नका.

पाण्याचं सोपं आहे. रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे आतल्या नळ्या सळीनं साफ, साधं नळाचं पाणी टाकू नका, कूलंट टाका, सगळी होज नवीन घाला. बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात, म्हणतात गाडी गार राहते. तसं करू नका, सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि बोअर झिजतो. पॉइंटचं म्हणाल तर डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढून गॅप ०.४५ मिलिमीटरच्या आसपास लावायचा, पूर्वी अंदाजानं लावायचे, तुम्ही फिलर गेज विकत घ्या आणि हे स्वतः शिका, दहा मिनिटांचं काम आहे. नको असेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, मी बसवलंय, दिसायला सगळं जुनंच राहतं आणि पावसाळ्यात सकाळी पहिल्या सेल्फला उठते.

ब्रेकबद्दल स्पष्ट बोलतो. चारही चाकांना ड्रम आहेत. नीट सेट केले तर गाडी थांबते, पण आजच्या गाडीसारखी थांबत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही. कोरेगाव रोडला सीझनमध्ये, दिवाळीनंतर ते पार मार्चपर्यंत, संध्याकाळी उसाच्या जोडट्रॉल्या असतात, बऱ्याच जणींना मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि जुन्या पद्मिनीचा हेडलाइट म्हणजे पिवळी चिमणी. रिले टाकून हेडलाइटला थेट बॅटरीचा करंट द्या, बल्ब नेहमीच्याच वॅटचे ठेवा, तेवढ्यानं सुद्धा उजेड दुप्पट वाटतो. मागच्या सीटला बेल्टची पॉइंटं नीट वेल्ड करून, मागनं प्लेट टाकून बसवा. आणि तरीही, मुलीला घेऊन हायवेला जायचं असेल तर दुसरी गाडी वापरा. आमच्या घरात त्यासाठी वेगळी गाडी आहे आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ज्या गाडीवर जीव आहे तिला जे जमत नाही ते तिच्याकडनं मागू नये.

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी पासिंग. १५ वर्षांवरच्या कारची फी पाच हजार आहे आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या गाडीला दहा हजार झालीये, वर पर्यावरण कर वेगळा. वाईच्या गाडीचं पासिंग कधी संपतंय ते बघा, संपलेलं असेल तर ते मालकानं करून द्यावं, नाहीतर भावात पाडा. आरसीवर फायनान्सचा बोजा उतरलाय का, चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पत्र्यावर वाचा, खडूनं घासून वाचा, इंजिन नंबर आरसीशी जुळवा. नवीन सुरक्षा नंबरप्लेट बसलीये का बघा. थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतोच, पूर्ण इन्शुरन्स एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. आणि कुणी विंटेजमध्ये नोंदवा म्हणालं तर तो विषय तुमचा नाही, ते ५० वर्षांच्या वरच्या गाड्यांना आहे आणि तसं नोंदवलं की रोज चालवता येत नाही.

खर्च विचाराल तर माझा स्वतःचा अनुभव, पहिल्या वर्षी गाडीच्या किमतीएवढाच खर्च बाजूला ठेवायचा. ८५ हजारांची गाडी म्हणजे एक लाख सत्तर धरून चला. दुसऱ्या वर्षापासून माझे वर्षाला तीस-पस्तीस हजार जातात, त्यात टायर-बॅटरीचं वर्ष आलं तर जास्त. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, जुन्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते पण आतनं लाकूड झालेला असतो, ते आकडे वाचल्याशिवाय घाटात जाऊ नका.

एवढं सगळं ऐकून घाबरला नसाल तर आता सांगतो मिळतं काय. रविवारी सकाळी सहाला चोक ओढून गाडी चालू करायची, दोन मिनिटं तिला तशीच गुरगुरू द्यायची, समर्थ मंदिरापासनं यवतेश्वरच्या घाटाला लागायचं. तिसऱ्यात चढते, वळणाला दुसरा, डबल क्लच, खाली सातारा धुक्यात आणि अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर दिसतोय. स्पीड चाळीसच्या वर जात नाही पण हात-पाय-कान सगळे कामाला लागलेले असतात, त्या अर्ध्या तासात मला दुसरं काही सुचत नाही. वर चहा घ्यायचा, इंजिन टिकटिक करत गार होत असतं, तेवढं ऐकायचं आणि साडेआठला घरी. फुलांच्या सीझनमध्ये मात्र कास रोडला जाऊ नका, गर्दीत क्लच जळतो. कामाच्या दिवशी सुद्धा असंच होतं, कोरेगावला पोचाल तेव्हा तुम्ही गाडी चालवून आलेले असाल, नुसते बसून आलेले नसाल.

तर माझं मत असं. घरात दुसरी गाडी किंवा स्कूटर आहे, वर शेड आहे, आणि महिन्यातले दोन रविवार हात काळे करायची तयारी आहे, तर पद्मिनी घ्या. ह्यातलं एक जरी नसेल तर झेन घ्या आणि पद्मिनी दोन वर्षांनी.

वाईला जाताना सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी मालकाला फोन करून सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा, गार लागलं पाहिजे. गार इंजिन किती सेल्फला उठतंय, पहिला धूर निळा येतोय का, ऑइलचा लाइट किती वेळानं जातोय हे बघा. चुंबक विसरू नका. फ्लोअरचे, चारी काचांच्या रबरांचे आणि जॅकच्या जागांचे फोटो काढून मला पाठवा, इंजिनचा व्हिडिओ नसला तरी चालेल.